विद्यार्थ्यांचा यंत्रमानव आणि स्लाइडांचे सादरीकरण

कामरेज हे सुरत जिल्ह्यातील तापीकाठचे तालुक्याचे गाव. ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा परिसरातील विद्यार्थ्यांना नदीची पातळी मोजून इशारा देणारे यंत्र करावेसे वाटले, तर ते स्वाभाविकच होय. सन २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेमुळे अनेक शाळांतील सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सेन्सर, मोटार व यंत्रमानवाचे सुटे भाग हाताळता येऊ लागले. तथापि, यंत्र तयार करणे वेगळे आणि ते परीक्षकांना व ग्रामस्थांना समजावून देणे वेगळे.

त्यासाठी बहुधा थोडीच मिनिटे मिळतात. पुष्कळदा विद्यार्थी स्लाइडवर परिच्छेद उतरवून काढतात आणि श्रोत्यांकडे पाठ फिरवून तेच वाचतात. वाचणे व ऐकणे ही दोन्ही कामे श्रोत्याला एकाच वेळी साधत नाहीत. याउलट, परिचित चित्र क्षणात बोध करून देते. २००८ साली पुण्यात झालेल्या आशियाई-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धेचा विषय गोविंदा व दहीहंडी हा होता. हंडीचे एक चित्र दाखविले की यंत्रमानवाने उंच चढावयाचे आहे, हे मराठी श्रोत्यास निराळे सांगावे लागत नाही.

पाच-सहा स्लाइडा पुरेशा असतात : गरज, यंत्राचे चित्र, कार्यपद्धती, चाचण्या, त्रुटी आणि खर्च. प्रत्येक स्लाइडवर एकच मुद्दा असावा. शेवटच्या बाकावरून काना-मात्रा स्पष्ट दिसतील एवढे अक्षर मोठे ठेवावे. दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे विस्कटण्याचा संभव असल्याने पीडीएफ प्रत सोबत न्यावी. वीज गेली तरी बोलता येईल, असा सराव स्लाइडांवाचूनही करावा. ज्याने जो भाग तयार केला, त्यानेच तो सांगावा. शिक्षकांनी उत्तरे पाठ करून घेऊ नयेत.

त्रुटींची स्लाइड मात्र कधीही गाळू नये. पाण्यावर तरंगत आलेला कचरा सेन्सरसमोर आल्यास चुकीचा इशारा मिळू शकतो. दहा चाचण्यांपैकी किती फसल्या, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून आकड्यांत दाखवावे. त्याने गुण कमी होतील, ही भीती अनाठायी आहे. उद्या त्याच इशाऱ्यावर विसंबून एखादे कुटुंब रात्री घर सोडावे की नाही, हे ठरविणार असेल, तर यंत्र कोठे चुकते हे त्या कुटुंबास आधी कळले पाहिजे.