लॅपटॉप सारखा निळा पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

पीकविम्याचा फॉर्म अर्धा भरलाय, कागदपत्रं अपलोड होतायत आणि अचानक लॅपटॉपचा स्क्रीन निळा! इंग्रजीत चार ओळी येतात आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. वर्षातून एकदा झालं तर सोडून द्या. पण आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर कारण शोधायलाच हवं.

बरेच जण थेट तालुक्याला जाऊन फॉरमॅट मारून आणतात. पण दोष रॅममध्ये किंवा डिस्कमध्ये असेल, तर फॉरमॅटनंतरही निळा स्क्रीन परत येतो. पैसे तर जातातच, वर फोटो, हिशोब आणि पोरांचे प्रोजेक्टही जातात.

निळा स्क्रीन का येतो?

विंडोजला आत एखादी गंभीर चूक सापडली, की डेटा आणखी बिघडू नये म्हणून सगळं काम जागच्या जागी थांबवलं जातं. म्हणजे हा आजार नाही, आजाराची खूण आहे. विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर हाच स्क्रीन काळा दिसतो.

पहिलं काम : फोटो काढा

स्क्रीन निळा पडला की लगेच मोबाईलने फोटो घ्या. खाली ‘स्टॉप कोड’ लिहिलेला असतो, तोच महत्त्वाचा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. ‘ड्रायव्हर’ हा शब्द असेल तर बहुतेक वेळा वायफाय, ग्राफिक्स किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरचा घोळ असतो. ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ आला तर विंडोजच्या फाइल्स किंवा डिस्क तपासावी लागते. कोड म्हणजे पक्का निकाल नव्हे, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

दुसरं काम : बॅकअप

मशीन चालू होतंय तोवर महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या. डिस्क मरायला टेकली असेल तर उद्या ती उघडेलच असं नाही.

मग या क्रमाने तपासा

१. त्रास सुरू होण्याआधी काय बदललं ते आठवा. नवा प्रिंटर, नवं अँटीव्हायरस, अपडेट? ते काढून दोन दिवस बघा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की कोणत्या तारखेला काय बिघडलं त्याची यादी दिसते.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरवर ‘रोल बॅक’ करा, म्हणजे जुना ड्रायव्हर परत येतो. नवा हवा असेल तर लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या.

३. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन रॅम तपासली जाते. चूक दाखवली तर दुकानात रॅम काढून, साफ करून पुन्हा बसवून बघायला सांगा. काही लॅपटॉपमध्ये ती काढता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

४. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरू नका. हवेची जाळी बंद होते, मशीन तापतं. पंख्यातली धूळही साफ करून घ्या.

एका फाइलमुळे काय होऊ शकतं ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. संगणक खराब झालेले नव्हते. ती फाइल काढली की ते चालू झाले.

फसवणुकीपासून सावध

खऱ्या निळ्या स्क्रीनवर कधीही फोन नंबर नसतो. इंटरनेट वापरताना ‘व्हायरस आला, या नंबरवर कॉल करा’ असं दिसलं, तर ती फसवणूक समजा. कॉल करू नका, ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

एवढं करूनही थांबलं नाही तर दुकानात जरूर जा. पण कोडचा फोटो दाखवा आणि ठणकावून सांगा : आधी रॅम आणि डिस्क तपासा, फॉरमॅटचं नंतर बघू.