तोटी बंद पडायच्या आधी

काकांनी पहिल्या झाडाखाली बसकण मारली, तोटीखाली ग्लास धरला आणि म्हणाले, "घड्याळ लाव." ठिबकच्या ताशी 4 लिटरच्या तोटीने 3 मिनिटांत 200 मिलि पाणी द्यायला हवं. मापलं तर जेमतेम 110. ओळीच्या शेवटच्या झाडाखाली 40. मधल्या काही तोट्या तर ठार कोरड्या.

गेवराई तालुक्यातली ही एक एकर मोसंबी. डिसेंबरभर बाग ताणावर होती, आता आंबे बहारासाठी पाणी सुरू करायचं. पण त्या महिन्यात नळ्यांत राहिलेलं बोअरचं पाणी उन्हात तापलं, आटलं आणि चुना मागे ठेवून गेलं. आमच्याकडच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. हीटरच्या कॉइलवर चढतो तोच हा पांढरा थर. कॉइल खरवडता येते. तोटीच्या आतली बारीक वाट कशी खरवडणार? मी खिशातली टाचणी काढली, तर काकांनी हात धरला. टाचणीने भोक मोठं झालं, की ती तोटी कायमची जास्त पाणी सोडते.

उपाय ॲसिडचा, पण त्यालाही माप आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत बोअरचंच 10 लिटर पाणी घेतलं. काकांनी गॉगल, रबरी हातमोजे चढवले, वाऱ्याकडे पाठ केली आणि सिरिंजने हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं सोडत गेले. दर वेळी ढवळायचं, पीएचची पट्टी बुडवायची. 8 मिलिला पट्टीने 4 चा रंग दाखवला. म्हणजे लिटरला 0.8 मिलि. बागेत 130 झाडं, झाडाला 4 तोट्या. ॲसिड 20 मिनिटं सोडायचं, तेवढ्यात साधारण 700 लिटर पाणी जातं. हिशेबाने ॲसिड लागतं अर्ध्या लिटरहून थोडं जास्त.

ते आधी ड्रममधल्या पाण्यात मिसळायचं. "पाण्यात ॲसिड वतायचं. ॲसिडात पाणी कधीच न्हाई," काका म्हणाले. उलटं केलं तर ते उकळून अंगावर उडतं. ब्लिचिंग पावडरचा डबाही त्यांनी आधीच मोटरच्या खोलीबाहेर ठेवला होता. शेवाळ मारायला ती चालते. पण ॲसिडशी गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू निघतो. बांधावरच्या शेळ्या हाकलल्या, कामावरच्या बायांना नळीचं पाणी तोंडाला लावू नका म्हणून बजावलं.

व्हेंच्युरीने ड्रममधलं पाणी नळ्यांत ओढायला सुरुवात केली. मी शेवटच्या झाडाजवळ पट्टी घेऊन बसलो. बराच वेळ रंग हलेना. मग पट्टी हळूहळू लालसर झाली, 4 वर आली. मी हात वर केला, काकांनी मोटर बंद केली. आता 24 तास कशालाच हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडला, मग एकेका नळीचं टोक. पहिल्यांदा ताकासारखं गढूळ पाणी आलं, त्यात पांढऱ्या खपल्या. मिनिटभराने ते निवळलं. पुन्हा ग्लास, पुन्हा घड्याळ. पहिल्या झाडाखाली 190, शेवटच्या झाडाखाली 165.

कोरड्या तोट्या मात्र कोरड्याच. त्यांच्यापाशी ॲसिड पोचलंच नव्हतं. ते जातं पाण्याच्याच वाटेने. जिथे पाणी अडलं तिथे तेही अडलं. त्या तोट्या उपसून सौम्य ॲसिडात भिजत घातल्या. काहींतून बुडबुडे आले, काही टाकून द्याव्या लागल्या.

काकांनी मोटरच्या खोलीच्या भिंतीवर खडूने तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 190, 165. भिंतीवर मागच्या वर्षीचा आकडा नव्हता.