बंद गाडी रस्त्यावर आणताना

आमच्या नेरला शेजारच्या घरी एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. घरधनी वारले आणि गाडी गोठ्यातच उभी राहिली. आठ वर्षे तिला कोणी हात लावला नाही. एका दिवाळीला त्यांचा मुलगा घरी आला. म्हणाला, "आईला बाबांच्याच गाडीतून यवतमाळला नेतो."

त्याने नवी बॅटरी लावली. टाकीत पेट्रोल ओतले. चावी फिरवली. चौथ्या वेळी गाडी सुरू झाली! पोरांनी टाळ्या पिटल्या.

गल्लीला उतार आहे. उताराच्या तळाशी लहान मुले खेळत होती. मुलाने ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला. गाडी थांबेना! त्याने झटकन गाडी कडब्याच्या गंजीत घातली. गंजी विस्कटली, पण कोणाला लागले नाही, हे नशीब.

"गुरुजी, गाडी तं मस्त चालू झाली होती!" तो म्हणाला.

मी म्हटले, "बापू, चालू झाली खरी. पण थांबली का?"

दोष गाडीचा नव्हता. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली ही कंपनी काढली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्या 2023 पर्यंत धावल्या. रोज चालणारी गाडी टिकते. उभी गाडी मात्र आतून झिजते. विहिरीचे पाणी उपसले नाही की त्यावर शेवाळ धरते, तसेच हे आहे.

ब्रेकचे काय होते, ते पाहू. ब्रेकच्या नळ्यांत एक तेल असते. आपण पाय दाबतो, तेव्हा हे तेल चारही चाकांकडे जोर पोचवते. पण हे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. मग आत गंज चढतो. आतले रबर कडक होते, फाटते. तेल झिरपून जाते. म्हणून पहिले काम ब्रेकचे. मिस्त्रीकडून चारही चाके उघडून घ्या. रबर बदला, तेल नवे भरा. मग उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल, तर गाडी हलवू नका.

आता इंजीन. चावी लावण्याआधी बॉनेट उघडा. आत उंदरांचे घरटे असते. उंदीर वायर कुरतडतात. उघड्या वायरीने आग लागते. जपून हात घाला, सापही निघतो.

जुने पेट्रोल काढून टाका. पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट गाळ राहतो. कार्बोरेटरची बारीक भोके त्याने बुजतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी ओढते. त्याने जुन्या रबरी नळ्याही खराब होतात. त्या बदला. हे काम उघड्यावर करा. जवळ बिडी पेटवू नका.

इंजिनाचे तेल बदला. प्लग काढून त्या भोकांत थोडे तेल सोडा. एक रात्र थांबा. मग इंजीन हाताने फिरवून पाहा. अडत असेल, तर जोर लावू नका. मिस्त्रीला बोलवा.

इतके करूनही गाडी सुरू झाली नाही, तर काय पाहावे? नुसते 'कट कट' वाजले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके मळली आहेत. इंजीन फिरते पण पेटत नाही, तर दोन गोष्टी पाहा: पेट्रोल पोचते का? प्लगला ठिणगी येते का? सुरू झाली, तर दार लावलेल्या खोलीत चालू ठेवू नका. तो धूर जीव घेतो.

आता टायर. वरून ते चांगले दिसतात. पण त्यांचेही वय होते. टायरच्या बाजूला, लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. त्या आठवड्यात तो टायर झाला. तुम्ही आता आकडे शिकलात. मग दुकानदाराला विचारायचे कशाला? स्वतः वाचा. बाजूला भेगा असतील, तर तो टायर नको.

तसेच गाडीचे कागद वाचा. घरगुती मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी गाडी तपासून ती वाढवावी लागते. विम्याची आणि धुराच्या दाखल्याची तारीखही पाहा.

शेजारच्या गाडीला हे सारे करायला तीन आठवडे लागले. खर्चही झाला. मग एका सकाळी आई मागे बसली. मुलाने चावी लावण्याआधी तीन वेळा ब्रेक दाबून पाहिला. आई म्हणाली, "तुझे बाबा बी असंच करत."

गाडी गल्लीच्या तळाशी गेली. मुले बाजूला झाली. गाडी तिथे थांबली, आणि मग पुढे निघाली.