विश्लेषण : गर्भाशयातील गाठींच्या उपचारांचा खर्च विमा देतो का? दोन वर्षांची अट कुणाला लागू?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की घरात पहिला प्रश्न येतो तो कॅन्सरचा आणि दुसरा खर्चाचा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारं असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुमच्याकडे कोणता विमा आहे, तो कधी घेतला आणि डॉक्टरांनी कोणता उपचार सुचवला, यावर ठरतं.

फायब्रॉइड म्हणजे काय?

गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये वाढणाऱ्या या गाठी. जवळपास सगळ्याच साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. अनेक महिलांना त्या असूनही काहीच त्रास होत नाही आणि रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आक्रसतात. त्रास होतो तेव्हा पाळीत अतिरक्तस्राव, त्यातून रक्तक्षय, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं अशी लक्षणं दिसतात.

उपचार एकच नाही. नुसतं लक्ष ठेवण्यापासून सुरुवात होते. मग गोळ्या, हॉर्मोन सोडणारी तांबी, फक्त गाठ काढणं (मायोमेक्टॉमी), गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं (एम्बोलायझेशन) आणि शेवटी गर्भाशयच काढून टाकणं.

बीड प्रकरणाचा इथे काय संबंध?

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये देशाचा आकडा ३.२ टक्के होता. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, पण फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे.

यातल्या सगळ्याच शस्त्रक्रिया गाठींसाठी नव्हत्या. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून दर हंगामात कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना यातलं गणित समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. महिनोन्महिने गोळ्या घेत दवाखान्याच्या चकरा मारण्यापेक्षा ‘एकदाची पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो. पुढे अंडाशयही काढलं गेलं, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते आणि हाडं लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

मग विमा नेमका कुठे अडतो?

पॉलिसीची कागदपत्रं मी फ्लोचार्टसारखी वाचते, जुनी इंजिनीअरिंगची सवय. या फ्लोचार्टमध्ये पहिला चौकोन तारखेचा आहे. बहुतेक पॉलिसींत ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांना समान असलेल्या पॉलिसीत गर्भाशय काढणं आणि साध्या गाठी या दोन्हींसाठी तो २४ महिन्यांचा आहे. पॉलिसी घेण्याआधीच गाठीचं निदान झालं असेल, तर ‘आधीपासूनचा आजार’ हे वेगळं कलम लागतं. त्याची कमाल मर्यादा एप्रिल २०२४ पासून ४८ वरून ३६ महिन्यांवर आली. निदान लपवून पॉलिसी घेणं महागात पडतं, कारण दावा त्याच मुद्द्यावर नाकारला जाऊ शकतो.

दुसरा चौकोन ‘भरती झालात का?’ हा. गोळ्या, तपासणी फी, दवाखान्यात बसवलेली तांबी हा खर्च बाह्यरुग्ण विभागातला, म्हणून साधारण पॉलिसीत तो खिशातूनच जातो. ‘आरोग्य संजीवनी’त भरतीपूर्वीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो, पण भरती झालात तरच. म्हणजे गर्भाशय वाचवणारा स्वस्त उपचार स्वतःच्या पैशाने आणि गर्भाशय काढणारा महागडा उपचार विम्याच्या पैशाने! विमा कंपन्यांना यात स्वतःचाही तोटा कसा दिसत नाही, हे कोडंच आहे.

तिसरी अडचण मूल हवं असलेल्यांची. वंध्यत्वावरचे उपचार वगळण्याची मुभा कंपन्यांना आहे. गाठ काढण्याचं कारण कागदावर ‘गर्भधारणा होत नाही’ एवढंच लिहिलं गेलं, तर दावा अडकू शकतो. अतिरक्तस्राव किंवा रक्तक्षय असेल, तर त्याची नोंद डॉक्टरांच्या कागदावर हवी.

शस्त्रक्रियेविना उपचाराचे पैसे मिळतात का?

मिळतात, आणि हे फार कुणाला ठाऊक नाही. विमा नियामक ‘इर्डाय’ने २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी काढून ते वैद्यकीय गरज असल्यास कंपन्यांनी द्यायलाच हवेत, असं बंधन घातलं. त्या यादीत गर्भाशयाच्या धमनीचं एम्बोलायझेशन आणि ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याचा ‘हायफू’ हे उपचार आहेत. कंपनी त्यावर मर्यादा मात्र लावू शकते. ‘आरोग्य संजीवनी’त ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे, पाच लाखांच्या पॉलिसीत अडीच लाख. शिवाय प्रत्येक दाव्यातले पाच टक्के आपले.

सरकारी योजनेत काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. आधीचा आजार आहे म्हणून थांबावं लागत नाही. मात्र उपचारापूर्वी मंजुरी घ्यावी लागते आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यामुळे आपला उपचार यादीत आहे का आणि कुठे होईल, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर आधी विचारावं. बाह्यरुग्ण उपचारांची अडचण इथेही आहेच.

अनावश्यक शस्त्रक्रियेवर लगाम कुणाचा?

बिहार, छत्तीसगड, राजस्थानात विमा योजनेच्या पैशासाठी गर्भाशयं काढल्याच्या तक्रारीवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना मिळाले. त्यानुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या हव्यात. बीडमध्ये तर २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

दावा नाकारला तर?

नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कलम नमूद हवं. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.