दुर्लक्षित द्राक्षबागेचे पुनरुज्जीवन : छाटणीचा योग्य क्रम

माघ-फाल्गुनाच्या सुमारास सुरत शहराच्या बाजारात द्राक्षांच्या पेट्या दिसू लागतात. त्यांतील पुष्कळसा माल नाशिक जिल्ह्यातून, वणी-सापुताऱ्याच्या घाटाने येतो. त्याच वाटेने आणि खानदेशातून नवापूरमार्गे अनेक मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या व कापडाच्या उद्योगात कामासाठी सुरतेस येऊन राहिली आहेत. त्यांपैकी काहींची शेती गावाकडे आहे. घरातील कर्ता माणूस कामासाठी दूर गेला, आजारपण आले, कर्ज थकले किंवा अवकाळी पावसाने सलग दोन हंगाम हातचे गेले, म्हणजे जे पीक सर्वांत आधी बिघडते ते द्राक्षाचे होय. ज्वारीचे रान एक वर्ष पडीक राहिले तरी पुढील वर्षी पेरता येते. द्राक्षवेलीची छाटणी दोन वर्षे चुकली, तर मांडवावर केवळ पाला आणि वाळलेल्या काड्यांचे जंजाळ उरते. अशी बाग उपटून टाकावी की राखावी, हा प्रश्न त्या कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठा असतो. तो सोडविताना उपयोगी पडावी, अशी माहिती येथे दिली आहे.

छाटणी एवढी महत्त्वाची का?

थंड हवामानाच्या देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. तेथे वर्षातून एकदाच छाटणी करतात. आपल्याकडे कडक थंडी नसल्यामुळे वेल कधीच पूर्णपणे झोपत नाही. ती सारखी वाढत राहते. तिला विश्रांती केव्हा, वाढ केव्हा आणि फळ केव्हा, हे येथे ऋतू ठरवीत नाही, तर बागाईतदाराची कात्री ठरविते. म्हणूनच महाराष्ट्रात वर्षातून दोन छाटण्या करून एक पीक घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. एप्रिलमधील पहिली छाटणी ‘खरड छाटणी’ होय. तिच्यात ओलांड्यावरील काड्या एक-दोन डोळे राखून कापतात, आणि नव्या फुटीपासून पुढील हंगामाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराची दुसरी छाटणी ‘गोडी छाटणी’ म्हणून ओळखली जाते. तिच्यानंतर त्याच काडीवर घड येतात.

घडाचा पाया ऑक्टोबरात घातला जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एप्रिल छाटणीनंतर साधारणतः ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होऊ लागतो. घड आणि आधार धरणारी ‘बाळी’ ही एकाच अंकुराची दोन रूपे आहेत. काडीला त्या काळात भरपूर ऊन व पुरेसे अन्न मिळाले, तर अंकुराचा घड होतो. सावली, ढगाळ हवा किंवा नत्राचा अतिरेक असेल, तर त्याची बाळी होते.

दुर्लक्षित वेलीत काय बिघडते?

छाटणी न झालेल्या वेलीत चार प्रकारचे दोष आढळून येतात. पहिला दोष दाट सावलीचा. वरच्या पाल्याखाली असलेल्या काड्यांच्या डोळ्यांत घड तयार होत नाहीत. दुसरा दोष असा, की फूट ओलांड्याच्या बुडाशी न होता टोकाकडे सरकत जाते आणि खोडाजवळचा भाग उघडा पडतो. तिसरा दोष कीड व रोगांचा. सुटलेल्या सालीखाली मिलीबग दडून राहतो. वाळलेल्या लाकडात खोडकिडा शिरतो. दाट पाल्यात केवडा व भुरी यांना अनुकूल दमट हवा मिळते. चौथा दोष सहसा नजरेतून सुटतो. आज बऱ्याच बागा डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेल्या असतात. लक्ष नसताना कलमाच्या जोडाखालून खुंटाचे फुटवे जोमाने वाढतात आणि वरची मूळ जात दुबळी होते. लांबून बाग हिरवी दिसते, परंतु त्या हिरवाईतील पुष्कळसा भाग खुंटाचाच असू शकतो.

कात्री हाती घेण्यापूर्वी पाहणी

प्रथम प्रत्येक ओळीत फिरून वेलींची मोजणी करावी. खोडावर चाकूने बारीकशी खूण करून पाहावी. सालीखाली हिरवट, ओलसर भाग दिसला तर खोड जिवंत आहे, आणि तपकिरी व कोरडे लाकूड दिसले तर तो भाग मेला आहे, असे समजावे. जिवंत वेली, केवळ खुंट जिवंत असलेल्या वेली आणि पूर्ण वाळलेल्या वेली यांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधाव्यात. निम्म्याहून अधिक वेली तिसऱ्या प्रकारात असतील, तर बाग राखण्याचा आग्रह धरू नये. बहुतेक वेलींची मुळे व खोडे शाबूत असतील, तर बाग वाचविणे हिताचे ठरते. नवीन बागेत खुंटरोप लावणे, त्यावर कलम करणे, खोड व ओलांडे तयार करणे, या सर्वांत फळ हाती येण्यास दोन वर्षे तरी जातात. जुन्या वेलीची खोलवर गेलेली मुळे ही तयार संपत्ती होय.

मांडव किंवा वाय आकाराच्या आधाराचे खांब, तारा व ताण यांचीही याच वेळी तपासणी करावी. गंजलेल्या तारेवर वेल नव्याने बांधली आणि घड भरल्यावर तार तुटली, तर सर्व श्रम वाया जातात. ठिबक संचातील तोट्या बुजलेल्या असतील, तर त्या साफ कराव्यात.

पहिली खरड छाटणी

दुर्लक्षित बागेची सुधारणा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करणे इष्ट होय. मे महिन्यात छाटणी केल्यास घड तयार होण्याचा नाजूक काळ पावसाळी ढगांत सापडतो. छाटणीपूर्वी दोन-तीन आठवडे वेलीच्या बुडाशी चांगले कुजलेले शेणखत घालून पाणी द्यावे.

काम पुढील क्रमाने करावे :

१. कलमाच्या जोडाखालील खुंटाचे सर्व फुटवे बुडापासून काढून टाकावेत.

२. मेलेल्या काड्या व वाळलेले ओलांडे करवतीने कापावेत. जाड ओलांडा कापताना आधी खालून थोडी खाच घ्यावी व नंतर वरून कापावे, म्हणजे साल फाटत नाही. काप खोडाला अगदी लागून न घेता सुमारे एक इंच ठोंब राखावा. कापलेला भाग आतपर्यंत वाळत जातो, आणि तो खोडात पोहोचू नये यासाठी ही काळजी आहे.

३. टोकाकडे सरकलेले ओलांडे मागे आणावेत. खोडाजवळ निघालेली एखादी निरोगी, जोमदार फूट निवडावी, ओलांडा तिच्या पुढे कापावा आणि त्या फुटीलाच तारेवर नवा ओलांडा म्हणून वळवावे. सर्व ओलांडे एकाच वर्षी मागे आणू नयेत. एक बाजू यंदा व दुसरी पुढील एप्रिलमध्ये, असे केल्यास वेलीवर एकदम ताण येत नाही.

४. उरलेल्या ओलांड्यांवरील काड्या एक-दोन डोळ्यांवर कापाव्यात.

५. सुटलेली साल हाताने किंवा गोणपाटाने घासून काढावी. छाटलेले लाकूड व साल बागेबाहेर नेऊन नष्ट करावी. खोडाला भोके पडून भुसा बाहेर येत असेल, तर तारेने आतील अळी काढावी.

६. मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आहे. मोरचूद व चुन्याचे हे मिश्रण फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षावरील केवड्याच्या बंदोबस्तासाठीच शोधले गेले. शास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली त्याची उपयुक्तता जगापुढे मांडली.

छाटलेल्या टोकांतून काही दिवस पाणी ठिबकते. मुळे काम करीत असल्याची ती खूण आहे. त्यामुळे घाबरून जाऊ नये. मात्र पाला निघून गेल्यामुळे उघडे पडलेले ओलांडे एप्रिलच्या उन्हात भाजतात. त्यांच्यावर ओले गोणपाट टाकावे किंवा सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा द्यावा.

छाटणीनंतरचे शंभर दिवस

जोरकस छाटणीनंतर वेल गर्दीने फुटते. सर्व फुटी ठेवण्याचा मोह टाळावा. कमजोर, आत वाढणाऱ्या व एकाच जागी दाटलेल्या फुटी कोवळ्या असतानाच काढाव्यात. राखलेल्या काडीचा शेंडा सातव्या पानाच्या सुमारास खुडून, तेथून निघणारी एकच बगलफूट पुढे पाच पानांपर्यंत वाढू द्यावी. तिलाच बागाईतदार ‘सबकेन’ म्हणतात. दुपारी मांडवाखाली उभे राहिल्यास जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसावेत, ही विरळणी पुरेशी झाल्याची सोपी कसोटी आहे.

वाढ आवरण्यासाठी वाढरोधक रसायनांचा सर्रास वापर करू नये. २०१० साली युरोपात पाठविलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळून निर्यातदारांस व बागाईतदारांस मोठा फटका बसला होता. पाणी व नत्र बेताने देणे आणि वेळच्या वेळी शेंडा खुडणे हे उपाय स्वस्त व निर्धोक आहेत.

ऑक्टोबरात घाई नको

सर्वांत मोठी चूक येथे होते. एप्रिलमध्ये खर्च झालेला असतो, सावकाराचे किंवा सोसायटीचे हप्ते समोर असतात आणि बाग हिरवीगार दिसत असते. अशा वेळी पहिल्याच ऑक्टोबरात भरघोस पीक धरण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु वेलीच्या मुळांत व खोडात साठलेले अन्न नुकतेच नवी चौकट उभारण्यात खर्च झालेले असते. त्यावर घडांचा भार टाकल्यास मणी फुगत नाहीत, काड्या पक्व होत नाहीत आणि पुढील एप्रिलमध्ये वेल पुन्हा दुबळी फुटते. एका पिकाच्या लोभाने पुढची अनेक पिके गमवावी लागतात.

म्हणून छाटणीपूर्वी काही काड्या नमुन्यादाखल कापून त्यांच्या डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. द्राक्षाच्या पट्ट्यात अशी सोय उपलब्ध आहे. पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, तपकिरी झालेल्या व घड असलेल्या काड्या ज्या वेलींवर आहेत, त्यांच्यावरच मोजके घड राखावेत. प्रत्येक घडामागे १२ ते १५ निरोगी पाने असावीत. इतर वेलींवरील छाटणी केवळ ओलांडा पुढे नेण्यासाठी करावी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावावयाचे झाल्यास हातमोजे व चष्मा वापरावा. ते हाताळण्याच्या आधी व नंतर मद्य घेणे शरीरास अतिशय धोक्याचे असते, हे मजुरांना आवर्जून सांगावे.

अंगणातील व शाळेतील वेल

सुरत परिसरात पाऊस वर्षाला १,००० मिलिमीटरहून अधिक पडतो आणि हवा दमट असते. त्यामुळे येथे नाशिक किंवा सांगलीप्रमाणे व्यापारी द्राक्षबागेची अपेक्षा करू नये. तथापि अंगणात किंवा शाळेच्या आवारात हौसेने लावलेली वेल काही वर्षांत छपरावर चढते आणि फळ देईनाशी होते. तिलाही हाच नियम लागू आहे. एप्रिलमध्ये ती खरडावी, पावसाळ्यात विरळ ठेवावी आणि पाऊस पूर्ण उघडल्यावर ऑक्टोबरात फळाची छाटणी करावी. शिक्षकांनी एकाच वेलीची एक बाजू छाटून व दुसरी न छाटता ठेवून दोन्हींकडील घड विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावेत. सूर्यप्रकाश व फळ यांचे नाते पाठापेक्षा या प्रयोगाने अधिक चांगले समजेल.

अधिक मार्गदर्शनासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी, सुरत भागात नवसारी कृषी विद्यापीठाशी, तर महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी किंवा पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी संपर्क साधावा. गावाकडील बाग ज्यांच्या हाती सोपविली आहे, त्या भावास किंवा वाटेकऱ्यास यंदाचे पीक मागण्यापूर्वी यंदाच्या काडीची चौकशी करावी. काडी सुधारली, तर पीक पुढील वर्षी आपल्या पावलांनी घरी येईल.