मेहकरहून सुसाट, ठाण्याजवळ ठप्प

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि मुंबईस नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मंडळींची मोठी सोय झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला.

या रस्त्यावर चौक नाही, सिग्नल नाही. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडीस मज्जाव. ठरावीक ठिकाणीच चढायचे नि उतरायचे. वेग मिळतो तो रुंदीपेक्षा या शिस्तीमुळे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पण कोंडी संपली काय? आमच्या मते ती पुढे सरकली. आमणे हे भिवंडीजवळचे गाव. तेथे उतरलेली गाडी मुंबई-नाशिक महामार्गाला मिळते आणि ठाण्याच्या वाटेवर इतरांमागे रांगेत उभी राहते. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ च्या सुमारास काही भागांत वीसहून अधिक पदरी केला. थोड्याच वर्षांत कोंडी परतली. रुंद रस्ता दिसला की घरी उभी असलेली गाडीही बाहेर पडते, असा हा हिशेब आहे!

याउलट मिनियापोलिसला फ्रीवेवर चढण्याच्या जागी सिग्नल लावून एकेक गाडी आत सोडतात. २००० साली लोकांच्या तक्रारींवरून हे सिग्नल काही आठवडे बंद ठेवले, तर अपघात २६ टक्क्यांनी वाढले. म्हणजे रस्ता बांधणे हे अर्धेच काम. तो चालवणे हे उरलेले अर्धे.

ते उरलेले काम किती गंभीर आहे, हे आमच्या जिल्ह्याने १ जुलै २०२३ च्या रात्री पाहिले. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटली, दार खाली दबले आणि आग लागून २५ जण दगावले. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचा डोळा लागतो. म्हणून ठरावीक अंतरावर विश्रांतीची जागा, चहा, स्वच्छतागृह आणि लांबच्या बसला दुसरा चालक हवाच. प्रवाशांनी याचा आग्रह धरावा. भगिनींनो, रात्रीच्या बसमध्ये मुलांना झोपवण्यापूर्वी संकटकालीन खिडकी कोणती आणि काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे की नाही, एवढे पाहून घ्या. नसेल तर बस सुटण्यापूर्वीच मागा.