आजोबांची दुनळी आणि खाडीतले फ्लेमिंगो

महाप्याच्या एमआयडीसीत चारचा चहा चालू होता आणि गावाहून बाबांचा फोन आला. "अरे, आजोबांची बंदूक तुझ्या नावावर करायची की सोडून द्यायची? माझे डोळे काही आता साथ देत नाहीत." टपरीवर सगळे एकदम गप्प! इन्क्रिमेंटची चिंता करणाऱ्या पोराला वारशात काय, तर दुनळी!

आजोबांचा परवाना पीक संरक्षणाचा, डुकरं-माकडं हाकलायला. तरुणपणी ते ओटीवर बसून पितळी काडतुसं स्वतः भरायचे, असं बाबा सांगतात. अमेरिकेतला माझा चुलतभाऊसुद्धा गॅरेजमध्ये हेच करतो. जुन्या बंदुकांसाठी कमी दाबाची, बिनशिशाची काडतुसं. म्हटलं, कूल! आपणही करू.

आजोबा गेल्यावर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली होती. तिथल्या कारागिराने नळ्या उतरवून दाखवल्या. वरची वेलबुट्टी म्हणजे कोरलेली नक्षी नव्हेच. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली ही डमास्कस नळी. काळ्या दारूच्या सावकाश धक्क्यासाठी घडवलेली. काळ्या दारूच्या मापाने आजची बिनधुराची दारू भरली, तर नळी हातातच फुटायची.

दुसरा सापळा लांबीचा. जुन्या विलायती बंदुकांमध्ये काडतुसाची जागा बहुधा अडीच इंची, आजचं काडतूस पावणेतीन इंची. गंमत म्हणजे ते आत आरामात बसतं! कारण ही लांबी बार उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. घडी उलगडायला जागा नसली की छर्‍यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. 'बसलं म्हणजे चालतं' हा आपला आवडता नियम इथे बोटं घालवू शकतो.

आणि शिसं? 'बारा बोअर' हे नावच शिशावरून आलंय : नळीच्या मापाच्या 12 शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड. पण पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतात, त्यात चिखलातले छर्रेही पोटात जातात आणि विषबाधा होते. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत 1991पासून शिशाचे छर्रे बंद केले, युरोपियन युनियनने पाणथळ जागांत 2023पासून. मेक्सिको आणि स्पेनमध्ये तर असे फ्लेमिंगो मेल्याच्या नोंदी आहेत. फ्लेमिंगो म्हटल्यावर मी चपापलोच. ऐरोलीच्या खाडीवर दर सीझनला कॅमेरा घेऊन पळणारा मीच ना! ठाणे खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 साली रामसर स्थळ.

शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरावेत, तर ते कडक. जुन्या नळीची वाट लावतात. बिस्मथ मऊ आणि बऱ्यापैकी जड (घनता 9.8; शिशाची 11.3), पण ठिसूळ, म्हणून त्यात कथील मिसळतात. आणि महाग! शिवाय आपल्याकडे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. म्हणजे भावाचं गॅरेज महाप्यात चालणार नाही. शिकार तर 1972च्या कायद्यानंतर संपलीच.

रात्री बाबांना फोन केला. "बंदूक ठेवू, अर्ज करतो. पण बार काढायचा नाही."

"मग डुकरं?"

"कुंपण घालू."

"पैसे कोण देणार?"

इन्क्रिमेंटचं पत्र अजून आलेलं नाही.